कल्याणनगरचे चौदा हजार रहिवासी

कोल्हापूर,
९ जून २००५

तीर्थरूप प्रभुलिंगमामांना शांभवीचा शरणु शरणार्थी.

बी.एस्सी. झालेल्या मुलीला खेळ खेळायला कॉम्प्युटर कशाला लागतो, असं तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत. मामा, मला याचं उत्तर येत नाही. तीन आठवडे विचार केला. आपल्या घरात पहिली पदवी माझी, म्हणून सगळ्यांना वाटतं की उत्तरं माझ्याकडे असणार. माझ्याकडे फक्त मार्कशीट आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? मामी एरंडाचं पान गरम करून बांधायला सांगतात ते बांधता, की ‘बांधतो बांधतो’ म्हणून गोदामात जाऊन बसता? पावसाळा लागतोय, जिना जपून चढा. आमच्याकडे अप्पा आणि अव्वा दोघंही मजेत आहेत. (खरी अडचण तीच आहे, पुढे कळेल.) हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोन वर्कशॉपच्या टेबलावर असतो आणि टेबलाशेजारी अप्पा असतात.

मुळापासून सांगते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आमच्या गल्लीच्या तोंडाला सयाजीनं नेट कॅफे काढला. तिथल्या चार नंबरच्या मशीनवर एक खेळ होता. त्यात कुणी कुणाला मारत नाही. रिकामी जमीन मिळते, एक नदी मिळते आणि तुम्ही गाव वसवायचं. मी गावाचं नाव कल्याणनगर ठेवलं. आधी गटारी काढल्या, मग पाण्याची टाकी, मग शाळा, मग चालत जाता येईल एवढ्यावर दवाखाना. पुतळा एकही बसवला नाही. दहा महिन्यांत तिथे चौदा हजार दोनशे माणसं राहायला आली. मामा, सकाळी मी क्लासमध्ये नववीच्या मुलांना गणित शिकवते आणि ती मुलं खिडकीतून बाहेर बघतात. कल्याणनगरात मी शाळा बांधली की माणसं खूश झालेली खाली आकड्यात दिसायची. एवढं स्पष्ट मला दुसऱ्या कुणी काही सांगितलेलं नाही.

पण चार नंबरवर बाकीची पोरंही बसत. एका सोमवारी जाऊन बघते तर कुणीतरी माझी शाळा पाडून तिथे वीटभट्टी घातलेली. (चारशे माणसं गाव सोडून गेली होती. मी त्यांना दोष देत नाही.) त्या दिवशी ठरवलं की गावाला स्वतःचं घर हवं. पदवीनंतर माझ्या अंगावर सोनं घालायचं म्हणून अप्पांनी जे बाजूला ठेवलं होतं, त्याचा कॉम्प्युटर घ्या असं मी म्हणाले. ‘अभ्यासासाठी’ म्हणाले असते तर अव्वा लगेच हो म्हणाली असती. मी खरं सांगितलं, खेळायला हवा आहे. मला त्या वेळी खरं बोलायची सवय होती.

सुटे भाग निवडायला मी वाचनालयात बसून कॉम्प्युटरच्या मासिकांचे दीड वर्षाचे अंक वाचले आणि एक वही भरली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, प्रत्येकाला एक पान. खेळ म्हटला की सगळ्यात महत्त्वाचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं काढण्यापुरता ठेवलेला वेगळा कामगार. तो चांगला घ्यायचा आणि बाकी सगळीकडे हात आखडायचा, असं मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं होतं.

अक्षय्य तृतीयेला राजारामपुरीतल्या एका दुकानात आम्ही तिघं गेलो. मी वही उघडली. अप्पांनी वही बाजूला सारली आणि समोरची वस्तू उचलून तळहातावर तोलली. तुम्हाला माहीत आहे, तीस वर्षं अप्पा उद्यमनगरात इंजिनं दुरुस्त करतात. ओतीव कास्टिंग हातात घेतलं की आत पोकळी आहे का ते सांगतात. त्यांनी कॉम्प्युटरही वजनावर निवडायला घेतला. वीज पुरवणारा डबा असतो, त्याचे दोन नमुने होते. मी वहीत बघून स्वस्तातला सांगितला. अप्पांनी दोन्ही तोलले आणि माझा परत ठेवला. “ह्यात माल न्हाय. नुसता पत्रा हाय.” दुकानदार म्हणाला की काका म्हणतात ते बरोबर आहे, हलका डबा सहा महिन्यांत जातो. माझ्या वहीत वजनाचा रकानाच नव्हता.

रॅमला अप्पा कंगवा म्हणाले. मॉनिटर एकट्याला उचलेना, तो त्यांना पसंत पडला. मग ग्राफिक्स कार्ड आलं. ते त्यांनी दोन बोटांत धरलं, उलटं केलं, दुकानदाराकडे बघितलं. “पावणं, ह्यो पापड हाय. ह्येला एवढं पैसं?” मी पाच मिनिटं समजावून सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तू शिकलीयास. घे.” मामा, त्या तीन शब्दांचं ओझं त्या मॉनिटरपेक्षा जास्त होतं.

अव्वाचा एकच आग्रह होता. कॉम्प्युटरची काळी पेटी स्वस्त होती, पण आजच्या दिवशी काळी वस्तू उंबऱ्यातून आत येणार नाही. म्हणून पांढरट पेटी घेतली, ती अडीचशेनं महाग. आता काहीतरी कमी करायला हवं होतं. मी वही चाळली आणि फ्लॉपी ड्राइव्ह काढून टाकला. वर दुकानदाराला दोन वाक्यं ऐकवलीही, की फ्लॉपी ही गेल्या शतकातली वस्तू आहे आणि आपण पुढे बघायला शिकलं पाहिजे. तो “बरं ताई” म्हणाला. गाव नेटवरून स्वतःलाच मेल करून ठेवू, पुढचं पुढे बघू, असा माझा बेत होता.

घरी येऊन पेटीला विभूती लावली, नारळ फोडला (लांब, अंगणात, तेवढं मी ऐकायला लावलं), आणि मी खुर्ची ओढली. तेव्हा अप्पांनी माझा हात धरला. नवीन इंजिनाला पहिले पन्नास तास भार द्यायचा नसतो. रिकामं फिरवायचं. आतले भाग एकमेकांत बसू द्यायचे. तोवर झाकण उघडायचं नाही, काम टाकायचं नाही. मी म्हणाले की अप्पा, यात घासणारे भाग जवळजवळ नाहीतच. ते म्हणाले, “पंखा हाय का न्हाय?” पंखा होता.

तर कॉम्प्युटर रिकामा फिरायला लागला. पडद्यावर रंगीत नळ्या इकडून तिकडे जायच्या आणि आम्ही तिघं बघत बसायचो. अप्पा दर तासाला स्क्रूड्रायव्हरचं टोक पेटीला लावत आणि मूठ कानाला. “आवाज बारीक हाय, पण सरळ हाय.” भिंतीवर खडूनं रेघा ओढत. पण लोडशेडिंग असं की चार तासांच्या वर सलग वीज नाही, आणि अप्पांचा नियम असा की मशीन गार पडलं की पहिल्यापासून मोजायचं. सहा दिवसांत आमची मोजणी चार तासांपुढे गेली नाही. अव्वा म्हणाली, यापेक्षा तान्हं मूल लवकर बसतं.

शेवटी अप्पांनी कॉम्प्युटर वर्कशॉपला नेला, कारण तिथे जनरेटर आहे. आणि त्याच दिवशी सयाजीनं सांगितलं की तो कॅफे बंद करून मोबाईलचं दुकान काढतोय. नेट आदल्याच दिवशी काढलेलं. मशीनं दुसऱ्या दिवशी पुसून विकायची. मी धावत गेले. चौदा हजार दोनशे माणसं, गटारी, टाकी, शाळा, सगळं एका फ्लॉपीवर मावलं आणि वर जागा उरली. प्रत एकच केली. सयाजी म्हणाला, दोन कर. मला त्या वेळी असं काहीतरी वाटलं की जिवंत गावाची दुसरी प्रत असू नये. मामा, माझ्यात असे विचार येतात आणि मी त्यांना अडवत नाही, हा माझा दोष आहे.

मी क्लासच्या पगारातून फ्लॉपी ड्राइव्ह विकत आणला. पण झाकण पन्नास तास उघडायचं नव्हतं. घरात पंचवीस माणसांची ये-जा, म्हणून मी फ्लॉपी अप्पांकडे दिली आणि सांगितलं, जपून ठेवा, यात सगळं गाव आहे. अप्पांनी आधी हात रॉकेलनं धुतले, मग साबणानं, मग ती घेतली.

तिसऱ्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन वर्कशॉपला गेले. कॉम्प्युटर टेस्टिंगच्या स्टँडवर होता, बाजूला पाण्याचं पिंप. एक्केचाळीस रेघा झाल्या होत्या. आणि लोखंडी कपाटाच्या दारावर, नजरेच्या उंचीवर, जिथे अप्पा सगळ्यात महत्त्वाचे कागद लावतात, तिथे फ्लॉपी होती. धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत. ती पडू नये म्हणून वर लोहचुंबक. जुन्या लाउडस्पीकरमधलं, वाटीएवढं, ज्यानं ते लेथखालचा लोखंडाचा कीस गोळा करतात.

मामा, तुम्ही धान्याचे व्यापारी, तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही. फ्लॉपीवरचं लिखाण चुंबकानंच लिहिलेलं असतं, आणि चुंबकानंच पुसलं जातं.

आकाराम, म्हणजे अप्पांकडे वीस वर्षं असलेला लेथवाला, मला म्हणाला, “मालक आल्या-गेल्याला दाखवत्यात. ह्यात माझ्या पोरीचं गाव हाय म्हणत्यात.” मी डबा ठेवला आणि घरी आले.

पन्नास तास पूर्ण झाले, कॉम्प्युटर घरी आला. ड्राइव्ह बसवला. फ्लॉपी आत घातल्यावर कॉम्प्युटरनं विचारलं की ही डिस्क कोरी आहे, आखून घ्यायची का. मी कितीतरी वेळ ‘नको’वर बोट ठेवून बसले होते. अप्पा दारातून म्हणाले, “पोचलं का गाव?”

मी व्हय म्हणाले.

तेव्हापासून क्लास आणि लोडशेडिंग सोडून मी जागेपणाचा सगळा वेळ त्याच नदीकाठी तेच गाव पुन्हा बांधते आहे. अप्पा जेवायच्या आधी येऊन बघतात. परवा त्यांनी खालचा आकडा वाचला. नऊशे दहा. “बाकीची कुठं गेली?” मी सांगितलं, जत्रेला. ते जरा विचार करून म्हणाले, “तेरा हजार? मग एसटीनं ज्यादा गाड्या सोडाय पायजेत की.” काल आकारामला घेऊन आले. त्यानं विचारलं, “शांभवीताई, आमचं घर कुठं घातलंय?” मी नदीजवळचा कोपरा दाखवला. “पाणी किती वाजता येतंय?” चोवीस तास, म्हणाले. त्यानं माझ्याकडे निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. येत्या सुट्टीला अप्पा सगळ्या वर्कशॉपला घेऊन येणार आहेत, आणि प्रत्येकाला ते स्वतः सांगणार आहेत की गाव चार दिवस त्यांनी सांभाळलं.

खोटं बोलायला मी वाईट नाही, असं आढळून आलं. पदवीत हा विषय नव्हता. रोज थोडी माणसं वाढतात, आणि वाढली की मला आधीच्यांची आठवण येते. नव्या शाळेत कुणी खूश झालेलं आकड्यात दिसलं तरी मला पटत नाही.

मामींना नमस्कार. गोदामातल्या मांजरीला पिल्लं झाली का ते कळवा.

तुमची भाची,
शांभवी

ता. क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते लिहायचं राहिलं. मामा, अप्पांना तुम्ही सांगाल का? अप्पा तुमचं ऐकतात. शिवाय तुम्हाला सवय आहे. भाव पडलेला असला की तुम्ही शेतकऱ्याला आधी चहा पाजता, पोराबाळांची चौकशी करता, आणि मग सांगता. तसंच सांगा. चुंबकाचा दोष आहे म्हणा. अप्पांचा म्हणू नका.

ता. क. २. सयाजीनं दिलेल्या खेळाच्या सीडीचं पाकीट आज नीट वाचलं. या खेळाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही असं त्यावर बारीक अक्षरात लिहिलं आहे. हे कुणालाच सांगू नका.

ता. क. ३. अप्पांना सांगायची विनंती रद्द समजा. हा शेवटचा कागद तेवढा माझ्याजवळ आहे. आधीची सगळी पानं मी थोड्या वेळापूर्वी अप्पांच्या हातात दिली आणि ‘वाचा’ म्हणाले. ते चष्मा लावून उंबऱ्यावर बसलेत. चौथी शिकलेला माणूस, ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचतो. दुसऱ्या पानावर आलेत.