चौथ्या नंबरची वायर

दि. १४, मंगळवार

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. तीन महिने आणि सहा दिवस पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. कामाचा व्याप होता असं लिहायला घेतलं होतं, पण रोजनिशी चाळली तेव्हा याच काळात मी दोन सबंध रविवार झोपून काढल्याची नोंद सापडली, त्यामुळे ते कारण रद्द केलं. खरं कारण असं, की तुमच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न असतो, ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ त्याचं खरं उत्तर लिहायची छाती होत नव्हती आणि खोटं लिहवत नव्हतं. मग गप्प बसलो, आणि त्या नादात तुमच्या डोळ्याची विचारपूसही राहून गेली. ती आता करतो. डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालता ना? मामींचा गुडघा जिना चढू देतो का? (मामी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवत असणार. कंस गाळू नका. फक्त जिथे तुमच्यासाठी सूचना असेल, तिथे मनात वाचा.)

तुम्ही गाडी माझ्या हवाली केलीत त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. सहा सिलिंडरची, वयाने माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आणि रुबाबाने माझ्यापेक्षा पुष्कळच मोठी अशी ती गाडी मला मिळाली, याचा आनंद अजून ओसरलेला नाही. चावी देताना तुम्ही म्हणालात, ‘मनापासून चालवलीस तर दहा देते.’ मी म्हटलं, मग दर महिन्याला डोळे तपासायला मीच तुम्हाला नेईन. त्यावर तुम्ही बोट वर करून म्हणालात, ‘आठाच्या खाली देत असेल तर माझ्यासाठी काढायची नाही. बस आहे की!’ दहा देणाऱ्या गाडीला आठाची काय भीती, म्हणून मी मान डोलावली. पहिली टाकी संपल्यावर भागाकार केला. पाच पूर्णांक एक आलं. पुन्हा केला. तेवढंच.

तेव्हापासून तुम्ही दोन बस बदलून दवाखान्यात जाता आहात आणि मी घरात भागाकार करतो आहे. गेल्या महिन्यात पाटी वाचता आली नाही म्हणून तुम्ही दोन थांबे आधीच उतरलात आणि उरलेला रस्ता भिंतीला धरून चालत गेलात, हे मला तुमच्याकडून नाही, मामींकडून कळलं. त्या दिवशी ठरवलं, काही झालं तरी आठ गाठायचे.

आमच्या घरात मोजमापाचा अधिकार सौ.कडे आहे. ती वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत असल्यामुळे घरी दूधवाल्याचं मापसुद्धा तिच्या नजरेला नजर देत नाही. तिने सांगितलं, आधी वजन कमी करा. (माझ्याकडे बघून सांगितलं, पण मी तो सल्ला डिकीपुरता घेतला.) डिकी उघडली आणि तुमची चाळीस वर्षांची भांडारपालाची नोकरी समोर उभी राहिली. प्रत्येक वस्तूवर औषधाची चिकटपट्टी आणि तीवर तुमचं टपोरं अक्षर. ‘जॅक, चालतो.’ ‘जॅक, चालत नाही, फेकू नये.’ ‘साखळी, कशाची ते आठवत नाही.’ ‘वाळू, अर्धं पोतं, प्रसंगी.’ कोणता प्रसंग, ते लिहिलेलं नव्हतं. सगळं मिळून एकाहत्तर किलो भरलं. मी ते ओळीने माळ्यावर मांडून ठेवलं आहे, पट्ट्यांसकट, कारण ‘फेकू नये’ हे वाचल्यावर फेकणं म्हणजे तुमच्या पाठीमागे तुम्हाला उलट उत्तर देण्यासारखं वाटलं. मग चाकांत हवा भरली, एअर फिल्टर बदलला. पाच पूर्णांक सहा.

यापुढे जे घडलं ते लिहू की नको, यावर मी दोन दिवस विचार केला. कुणीतरी सांगितलं, उतारावर इंजीन बंद करा, तेवढंच पेट्रोल वाचतं. मी सुशिक्षित माणूस आहे, तरी हे ऐकलं. जलकुंभाच्या उतारावर इंजीन बंद केलं. पहिली शंभर पावलं फार सुखाची गेली. मग कळलं की इंजीन बंद असलं की या गाडीचा ब्रेक दगडासारखा होतो. मी दोन्ही पायांनी तो दाबत होतो, गाडी चालली होती आणि उताराच्या टोकाला शीतगृहाचं फाटक होतं. तिथल्या पहारेकऱ्याने एवढी लांबरुंद गाडी ऐटीत येताना पाहिली आणि कुणी मोठे साहेब असावेत असं समजून फाटक सताड उघडलं, वर सलामही ठोकला. मी आत शिरलो आणि बटाट्यांच्या पोत्यांपाशी थांबलो. पोती शाबूत, मीही शाबूत. पहारेकरी वही घेऊन धावत आला. नाव लिहिलं, गाडीचा नंबर लिहिला. ‘भेटीचं कारण’ या रकान्यापाशी अडलो. खोटं लिहिणं बरं दिसेना, म्हणून ‘उतार’ असं लिहिलं. त्याने वाचलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, “साहेब, बाहेर जाताना चढ आहे. तेव्हा काय लिहाल?” त्या दिवसापासून मी इंजीन बंद करत नाही.

शेवटी गाडी डॉक्टरांकडे नेली. (खरे डॉक्टर नव्हेत. पेट्रोल पंपामागचे मेकॅनिक. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ऐकतात, म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात.) त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, “ही गाडी पाचाची की सहाची?”

“सहाची.”

“मग एक जण पगार घेतो आणि कामाला येत नाही.”

त्यांनी बॉनेटमध्ये हात घातला आणि मागच्या बाजूला दडलेली एक वायर बाहेर ओढली. चौथ्या नंबरच्या प्लगची. ती प्लगवर नव्हतीच. तिचं टोक जुन्या रुमालाच्या पट्टीने व्यवस्थित गुंडाळून बाजूला बांधलेलं होतं, आणि त्यावर चिकटपट्टी होती. (मामी, इथे जरा थांबा आणि त्यांना पाणी द्या.) पट्टीवर लिहिलं होतं, ‘क्र. ४ बंद. बचत. सोडू नये.’ खाली तारीख, बावीस वर्षांपूर्वीची.

डॉक्टर म्हणाले, मधल्या काळात दोघातिघा मेकॅनिकांनी ही पाहिली असणार, पण इतक्या सुवाच्य अक्षरात ‘सोडू नये’ लिहिलेलं असल्यावर कोण कशाला सोडेल? मग त्यांनी समजावलं की वायर काढली म्हणून सिलिंडर उपाशी राहत नाही. तो इतरांइतकंच पेट्रोल ओढतो आणि ठिणगी नसल्यामुळे न जाळता तसंच बाहेर फेकतो, आणि उरलेले पाच त्याचंही ओझं वाहतात. मी विचारलं, म्हणजे बचत? ते म्हणाले, “उलटी.”

मामा, इथवर मला हसू येत होतं. घरी येऊन मी जुन्या रोजनिशा काढल्या, कारण ती तारीख कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती. त्या दिवशीची माझी नोंद जशीच्या तशी देतो. ‘गुरुवार. आईला उपचारासाठी आज प्रथमच मामा घेऊन गेले. मला नवी नोकरी, रजा नाही. दर गुरुवारी जावं लागणार. येऊन-जाऊन एकशे तीस किलोमीटर. पेट्रोलचं विचारलं तर म्हणाले, त्याचा मी बंदोबस्त केलाय.’

चौदा महिने, मामा. एकही गुरुवार चुकला नाही. आणि बंदोबस्त तो हा.

सौ.ने सवयीने पेन्सिल उचलली आणि चौदा महिन्यांत किती पेट्रोल जास्त जळलं ते मांडायला घेतलं. दोन ओळी मांडल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. “ही बेरीज करायची नाही,” म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने अर्धवट सोडलेली ही पहिली बेरीज.

आईला सांगितलं. ती खिडकीपाशी शेंगा सोलत होती. हातातली शेंग सोलून तिने दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, “तरीच चढावर गाडी उसासे टाकायची! मला वाटायचं, मीच जड झालेय. दादाला विचारलं तर म्हणे, तुला बघून तिलाही दम लागतो.” आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मग बजावलं, “दादाला यातलं काही कळवू नकोस. उगाच मनाला लावून घेईल.” मी बरं म्हटलं. आणि तरी लिहितो आहे. आईला दिलेला शब्द मोडला, हे चूकच. पण तुमचे आभार मानायचे तर कशाबद्दल, ते लिहावंच लागणार. आई आज शेंगा सोलते आहे ती त्या गुरुवारांमुळे. ती गाडी पाचावर धावली काय किंवा तिनावर, मला ते आता सारखंच आहे.

डॉक्टरांनी नवा प्लग बसवून वायर जोडली. चौथा पहिले दोन दिवस खोकला, मग कामाला लागला. कार्बोरेटरही नीट लावून घेतला. चिकटपट्टी मी काढून रोजनिशीत त्या गुरुवारच्या पानावर लावली आहे. काल सबंध टाकीचा हिशेब केला. आठ पूर्णांक एक.

आता तुमची अट पुरी झाली. कळावे, लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमचा भाचा

ता. क. खरं तर माझ्या भागाकाराला सात पूर्णांक आठ आले होते. आठ लिहावेत असा मोह झाला, मी तो आवरला आणि कागद सौ.पुढे ठेवला. तिने विचारलं, “दाताच्या दवाखान्याबाहेर माझी वाट बघत इंजीन किती वेळ सुरू ठेवलं होतं?” (उताराचा धसका. मी इंजीन बंदच करत नाही.) पंचवीस मिनिटं आणि परवा आणखी वीस. तिने तेवढं पेट्रोल वजा करून आठ पूर्णांक एक काढले आणि खाली तारखेसह सही केली. तिची सही म्हणजे काय, हे तुम्ही जाणताच. तरीही कच्चा आकडा लपवणं बरोबर वाटलं नाही.

ता. क. २. (मामी, हे अगदी मोठ्याने वाचा.) परवा गुरुवारी तुमची तपासणी आहे. बसला जायचं नाही. मी सकाळी आठला दाराशी येतो. आकडा मान्य नसेल तर गाडीत बसून वाद घालू, रस्ता पुरेसा लांब आहे. आई मागच्या सीटवर असेल. तिने पत्र आजच हातोहात पाठवण्याआधी मागून घेऊन वाचलं, माझ्यावर रागावली आणि म्हणाली, आता लिहिलंच आहेस तर हेही लिही, पुढची जागा यावेळी दादाची.

(त्याच रात्री, रोजनिशीत) उद्याचं काम: पुढची सीट दोन खाचा मागे सरकवणे, मामांचे पाय लांब आहेत.