ताईचं काय करायचं, यावर मतदान

प्रिय ताईस, पाठीला झेपेल तेवढं वाकून नमस्कार.

दोन वर्षांच्या अबोल्यानंतर माझं अक्षर पाहून तू पाकीट बाजूला ठेवलं नसशील, असं धरून चालते. तुझी तब्येत कशी आहे? हे रीत म्हणून विचारत नाही. गेल्या गुरुवारी त्रेसष्ट विरुद्ध अकरा मतांनी, पुढच्या भागात तुला मारायचं असं ठरलं आहे, आणि तेव्हापासून मला भाजी निवडतानाही चैन नाही. गुडघा, रक्तदाब, डावा डोळा, सगळ्याचं सविस्तर कळव. (मतं देणारी मुलं तशी चांगल्या घरची वाटतात.)

पहिल्यापासून सांगते. माझी नात, आपली खारू (तू पाहिलीस तेव्हा पेन्सिली कुरतडायची; आता पंधरावं लागलं, कुरतडणं तसंच), तिच्या भाषेच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. खारूने 'माझी आजी' हा निबंध असा संपवला होता : आजी कपाट उघडते, आत बघते आणि... बस. खाली एक ओळ, 'पुढे काय झालं ते हवं असेल तर कळवा.' बाई म्हणाल्या, हा काय प्रकार आहे? कपाट माझंच असून आत काय आहे याची मलाही उत्सुकता लागली. (निघताना बाईंनीही हळूच विचारलं.)

घरी खोदून विचारलं तेव्हा कळलं की ती फोनवर एका ठिकाणी गोष्टी लिहिते. तिथे शेकडो मुलंमुली गोष्टी भागाभागाने टाकतात, एकमेकांच्या वाचतात आणि खाली शेरे मारतात. परिच्छेद एका ओळीचे, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी कुणीतरी दारात उभं. मी म्हटलं, अगं, तुझं लिहिणं बिघडत चाललंय. तर तिने एकाच पानाचे सात खर्डे समोर ठेवले. मी जन्मात कशाचे सात खर्डे केले नाहीत. तेव्हा बिघडतंय की सुधारतंय, माझं काही ठरेना. अजून ठरलेलं नाही.

कारण आमचं तरी काय होतं? मिशनच्या वसतिगृहात दर रविवारी सिस्टर फळ्यावर पत्र लिहीत आणि आम्ही साठ जणी ते उतरवून घरी धाडत असू. साठही जणी सुखरूप, गालगुंड झालेलीसुद्धा. सिस्टरांची सही झाली की घडी घालता घालता अगदी तळाशी एक ओळ घुसडायची, तेवढीच आपली. आई सांगायची, तिला वाचून दाखवताना तू पत्राचा तळ आधी वाचायचीस.

तर यंदा मनाचा हिय्या करून मी तुला अडीच पानं लिहिली आणि खारूला म्हटलं, पाठवण्याआधी कुणा जाणत्याला दाखव. तिने ते पत्र सरळ त्या फोनवरच्या ठिकाणी टाकलं. नावं नव्हतीच, त्यामुळे सगळ्यांनी गोष्ट म्हणून वाचलं. एकाने लिहिलं, तब्येतीचा मजकूर काढा, कंटाळा येतो. एकीने लिहिलं, ताईला काही पूर्वायुष्य द्या. (तुला भरपूर आहे, हे मी कळवणार होते, पण बोट लागून त्या शेऱ्याला लाल बदामच गेला.) मग ते मतदान. मी खारूला म्हटलं, अगं, ही खरी बाई आहे, तुझी मावशीआजी आहे.

"तसं नको सांगूस आजी," ती म्हणाली, "मग अजूनच वाचतील."

आणि 'वाळवी' नावाच्या कुणीतरी (वय चौदा म्हणे) लिहिलं की ही बाई काहीतरी लपवते आहे. हिला शिवता येत नाही, मग आईचं शिलाई मशीन हिने नेलं कशाला? आणि माफी मागायला बसली आहे, पण माफी कुठे आहे? मी चष्मा पुसून अडीच पानं तीनदा वाचली. खरंच नव्हती. आमच्या सिस्टरांना हे सापडलं नसतं. त्यांनी 'अक्षर सुंदर' असा शेरा दिला असता.

बाकी सर्व ठीक. मी सुखरूप आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. : हे पत्र खारूला दाखवलेलं नाही, म्हणून याचा एकच खर्डा आहे.

ता. क. २ : आईचं घर रिकामं करताना, सामान नेणाऱ्या माणसादेखत मी म्हणाले होते, तुला लहानपणभर आई मिळाली, मला निदान मशीन तरी मिळू दे. चुकलं माझं. तू काही मला वसतिगृहात धाडलं नव्हतंस.

ता. क. ३ : वाळवीचं पुढचं म्हणणं असं की ताई ते परत न्यायला येईल, म्हणूनच त्या बाईने मशीन नेलं. मला हे मंगळवारी कळलं. न्यायला ये.

ता. क. ४ : कपाटात काय होतं ते खारूने अखेर सांगितलं. पडद्यांचं निळं कापड, दोन वर्षं घडीही न मोडलेलं, कारण आजी म्हणते, शिवणारी यायची आहे. मी असं म्हणते हे मला ठाऊक नव्हतं. खिडक्या तीनच आहेत. सावकाश शिव.