हिरवी चौकट

१४ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

नमस्कार. मी बरी आहे, खोकला गेला. तुमचा कॅमेरा आमच्या दुरुस्ती विभागात माझ्याच टेबलावर आला. तपासणी अशी:

१. तक्रार : फोकस चुकतो.
२. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, ऑटोफोकसने चाळीस फोटो काढले. सगळे स्पष्ट.
३. व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे खिडकीला डोळा लावून, तसेच चाळीस. तेही स्पष्ट.
४. कॅमेरा आला तेव्हा लेन्सचा ऑटोफोकस बंद होता. फोकस हाताने केला जात होता.
५. व्ह्यूफाइंडरशेजारचं, बघणाऱ्याच्या चष्म्याच्या नंबराप्रमाणे लावायचं चाक शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.

कॅमेऱ्यात दोष नाही.

काकांसाठीच्या अहवालात मात्र मी 'फोकस जुळवला' असं लिहिलंय. खोटा अहवाल पहिल्यांदाच लिहिला. आई फोनवर सांगत होती, "काका म्हणतात, दादाने आता स्टुडिओच्या काउंटरवर बसावं, फोटो मी बघतो. आणि तुझे बाबा म्हणतात, कॅमेरा म्हातारा झाला. अगं, तीन वर्षांचा तर आहे!"

मी विषय बदलला.

लाइव्ह व्ह्यूला तुम्ही 'टीव्ही बघत फोटो काढणं' म्हणता, ठाऊक आहे. तरी एकदा करून बघा. पडद्यावर माणसाच्या डोळ्यावर बोट ठेवायचं. चौकट हिरवी झाली की मगच बटण दाबायचं. थोडा वेळ लागतो, तेवढं गिऱ्हाइकाला स्थिर बसवायचं. ते तुमच्याइतकं कुणालाच जमत नाही. रडकं पोरसुद्धा तुमच्यासमोर गप्प बसतं.

पण हा उपाय फोटोंपुरता आहे.

माझा पदवीचा फोटो तुम्ही काढलात, त्याला दोन वर्षं झाली. मी तो मोठा करून पाहिला होता. गाऊनच्या खांद्यावरची शिवण टाकान् टाका दिसत होती, डोळे पुसट. मी "छान आलाय" म्हणाले. आदल्याच आठवड्यात स्टुडिओ सोडून ही नोकरी धरली म्हणून तुम्ही मला 'मिस्त्रीण' म्हणाला होतात, आणि मला आणखी वाद नको होता. तेव्हाच बोलले असते तर दोन वर्षं वाया गेली नसती. फोटो अजून दुकानात दर्शनी लावलाय, असं आई म्हणते.

कॅमेरा घेऊन शनिवारी मी स्वतः येते. अकराला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आईला किंवा काकांना सांगितलेलं नाही. आत मी येईन किंवा बाहेर बसेन, तुम्ही म्हणाल तसं.

येणार की नाही, एवढंच गुरुवारपर्यंत कळवा.

तुमची,
मिस्त्रीण