मानाची पहिली कुस्ती

५ मार्च १९८९
वनाआबांचा निरोप आला. ते दंगलीचे मुख्य पंच. यंदा यात्रेत मानाची पहिली कुस्ती मी खेळायची, कारण थोरल्या भावाचा गुडघा गेला. घराण्याची इज्जत अखेर योग्य हातात आली. पिंपळनेरच्या ऑफिसात बसून पोट जरा सुटलंय, पण कुस्तीत वजन कामालाच येतं.
उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

६ मार्च
उठलो. साडेसातला. पहिला दिवस धरायचा नसतो.

१२ मार्च
इतिहास लिहून ठेवतो. गावात कुणाला धड माहीत नाही.
पहिल्या दंगलीत आमचे आजोबा उखर्डू आणि जहांगीर वस्ताद दिवस मावळेपर्यंत भिडले. कुणीच पडेना. पंचांनी दोघांचेही हात वर केले. तेव्हापासून दरवर्षी पहिली कुस्ती या दोन घरांची. ती बरोबरीतच सोडवायची, मग दोघांनी एकमेकांना फेटा बांधायचा. त्यानंतर बक्षिसाच्या कुस्त्या: आधी नारळाच्या, मग भांड्यांच्या, शेवटी चांदीच्या कड्याची.
बरोबरी मला पटत नाही. समोर वस्तादांचा नातू नासीर. सायकली दुरुस्त करतो, पन्नाशीला आलाय, अंगात नुसती हाडं. धोबीपछाड मारून त्याला चीत करणार.

२० मार्च
ऑफिसात जाहीर केलं. सगळे एसटीने येणार, साहेबसुद्धा. साहेबांनी विचारलं, नक्की पाडणार ना? मी म्हटलं, लिहून घ्या.
जोर काढायला वाकलो. कॉटखाली हरवलेली चप्पल सापडली. आज तेवढंच.

२ एप्रिल
उन्हामुळे व्यायाम बंद. दूध-बदाम चालू.

१४ एप्रिल
रात्री नासीर घरी आला. माझं बोलणं गावभर झालंय. चहा घेतला. मग म्हणाला, "गिरधरभाऊ, थोरल्यांनी घालून दिलंय ते तसंच राहू द्या. आपण फक्त उभं राहायचं."
घाबरलाय.
मी शब्द दिला नाही. तो गेल्यावर बायको चिडली, सुनंदा. ईदला नासीरच्या घरी ताजबीभाभीसमोर कुठल्या तोंडाने जायचं, असं विचारत होती. बायकांना कुस्तीतलं काय कळतं.

२१ एप्रिल, पडून लिहितोय
दंगल झाली. निकाल बरोबरी.
ढोल वाजला, आम्ही माती लावून हात मिळवले. ऑफिसची मंडळी पुढेच बसली होती. मी लगेच नासीरला खांद्यावर घ्यायला गेलो. तेवढ्यात कंबरेत काहीतरी कटकन झालं. डोळ्यांपुढे काजवे. पण मी खाली पडलो नाही, हे महत्त्वाचं. नासीर मला जो बिलगला, तो सोडेचना. माझ्या ताकदीची धास्तीच घेतली होती त्याने. कानात म्हणाला, भार माझ्यावर टाका. मी टाकला. खूप वेळ झुंजलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वनाआबांनी हात वर केले. माझा वर जाईना, तो नासीरनेच धरला. फेटाही त्यानेच दोघांचा बांधला.

२२ एप्रिल
रजा. कूस बदलता येत नाही.
सुनंदाला सांगितलं, नासीर कसा चिकटून राहिला ते. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "आमना बाजूनं बठ्ठं दिसे. नासीरभाऊनी तुमले धरी ठेयेल व्हतं."
बायकांच्या बाजूने म्हणे सगळं दिसत होतं. मी डोळे मिटले. दुखत होतं.

२३ एप्रिल
नासीर तेल घेऊन आला. वस्तादांच्या घरचा हात, कंबर चोळली. सुनंदा पाणी तापवायला आत गेली तेव्हा विचारलं, खरं सांग, तू मला का धरलंस?
तो चोळतच राहिला. म्हणाला, "भाऊ, तुम्हाला पडू दिलं असतं, तर पुढच्या वर्षी मी कुणाबरोबर उतरलो असतो?"
 मी म्हटलं, पुढच्या वर्षी जरा जपून राहा.
राहतो म्हणाला. आणि मला पालथ्याचा उताणा करायला त्याने सुनंदाला हाक मारली.