ईश्वरीचं टक्कल करू नका

नाशिक, १२ एप्रिल

ती. आईस मोहिनीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. दवाखान्यातली ड्युटी जमते, जेवणही वेळेवर होतं. अण्णांचा गुडघा कसा आहे?

फोनवर मला रडू आलं असतं, म्हणून लिहिते. वहिनी म्हणाली, रविवारी ईश्वरीचं टक्कल करायचं ठरलंय. माझंही तू तीनदा केलंस. दर उन्हाळ्यात म्हणायचीस, "ह्या बारीला काढलं की सरळ येतेत बघ." दर वेळी कुरळेच आले. तू मायेनंच केलंस, मला माहीत आहे. पण अण्णा वर्षातून दोनदा मेंढरं कातरतात. लोकर कधी सरळ उगवली का, त्यांनाच विचार.

मी आता कोरडे केस विंचरत नाही. ओले असतानाच थोडं खोबरेल लावून बोटांनी सोडवते. सुट्टीच्या दिवशी पहिल्यांदा मोकळे सोडले, तेव्हा दारातून दोनदा आरशापाशी परत गेले. भाजीवाल्या मावशींनी एवढंच विचारलं, "काय लावते गं केसांना?"

गावी निघालेल्या वनिताकाकूंजवळ हे पत्र आणि जाड दातांचा कंगवा देते. न्हाव्याला नको म्हणून सांग.

परवा फोनवर ईश्वरीनं विचारलं, "आत्या, माजे केस खराब हायेत का?" मी नाही म्हणाले, पण तिला ते घरात ऐकू यायला हवं. तिला जवळ घे, डोक्यावरचा पदर मागे सार आणि तुझे केस दाखव. आम्हा दोघींना ते तुझ्याकडूनच आलेत.

तुझी कुरळी लेक,
मोहिनी