आधी दगड तोलायचा

३ मार्च
पोचले एकदाची. निर्वासितांची छावणी वाटली होती त्यापेक्षा नीटनेटकी आहे. तंबू ओळीत, नळ चालू, आणि बाळंतिणींच्या दवाखान्याला चक्क पत्र्याचं छप्पर. पलंग चार, पंखा एक, तोही माझ्याच टेबलाकडे तोंड करून. वीस वर्षं नर्सगिरी केल्यावर एवढं सुख पुष्कळ झालं. इथली बाळंतपणं सुईणआजी करतात. माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, गार आहेत, पोरं दचकतील.

५ मार्च
आधीच्या नर्सचं रजिस्टर चाळलं. प्रत्येक बाळ पहिल्या दिवशी तीन किलो, चाळिसाव्या दिवशीही तीन किलो. बाईंनी बसल्या जागी आकडे ठोकून दिले असणार. सुईणआजींनी शांतपणे सांगितलं की ते वजन बाळांचं नाहीच, दगडाचं आहे. बाळ जन्मलं की दुपट्यात गुंडाळलेला तीन किलोचा दगड शेजारी निजवायचा. कौतुक त्याचं, वजन त्याचं. पोरं न्यायला जे येतं, ते तोललेलंच नेतं. म्हणून चाळीस दिवस बाळ काट्याला लावायचं नाही. मी कपाळाला हात लावला.

८ मार्च
शिवणकाम करणाऱ्या पोरीला मुलगी झाली. नवरा इकडे येताना वाटेतच गेला, आता तिला हीच. मी बाळ उचललं, काट्याच्या झोळीत घातलं. तीन किलो शंभर. आई रडायला लागली, तिला दटावलं. दगड मळका होता, नळामागच्या खड्ड्यात टाकून दिला. सुईणआजी दिवसभर आईपाशीच बसून राहिल्या. माझे पाय भरून आले होते.

१० मार्च
तीन किलो. सुरुवातीला थोडं उतरतंच.

१३ मार्च
दोन पाचशे. अंगावर नीट पितेय, मी शेजारी बसून पाहिलं. ताप नाही, जुलाब नाहीत. डॉक्टरांनी तपासलं आणि काटा बदला म्हणाले. बदलला. दोन पाचशेच.

१४ मार्च
दगड खड्ड्यातून काढून आणला. तोलला. तीन किलो सहाशे. धुतला, पुसला, पुन्हा तोलला. सहाशेच जास्त. बाळाचे गेले तेवढेच.

१५ मार्च
बाळ दोन दोनशे. रडतही नाही. सुईणआजी म्हणाल्या, आता न्यायला येणारं दगडाला फसायचं नाही. रोज बाळाच्या आधी जिवंत माणूस तोलायला हवं. आई लगेच उठली. मी तिला खाली बसवलं. ती झिजली तर दूध कुठून येणार? आणि चूक माझी आहे.

१६ मार्च
आधी मी. बासष्ट. मग बाळ. दोन तीनशे.

१८ मार्च
मी एक्कावन्न. बाळ दोन सहाशे. आरशात तशीच दिसते. पण नळापाशी चिखलात माझी पावलं उमटत नाहीत.

२१ मार्च
बत्तीस. बाळ तीन. पंखा बंद करायला सांगितला. वाऱ्यानं मी—

२३ मार्च
अकरा. भीती वाटते. खूप. एक अख्खं माणूस मिळालं की न्यायला आलेलं परत फिरतं, असं सुईणआजी म्हणतात. जाताना तोच दगड माझ्या मांडीवर ठेवून गेल्या. हात चोळून दिले माझे.

२४ मार्च
दगड मांडीवर घेऊन लिहितेय. त्याच्याशिवाय खुर्चीत राहत नाही मी— बाळ छान गुटगुटीत दिसतंय. आई त्याला घेऊन दारात उभी आहे. आज मला अजून तोललेलं नाही. काट्यावर चढायचं तर दगड खाली ठेवावा ला—