भुरीला गाडीची सवय झालीय

सूनबाई,

मी न्हाव्याकडे चाललोय, चहापर्यंत येईन. दूध तापवून झाकून ठेवलंय.

माळ्यावर बॅगांच्या मागे मांजरीचा नवा पिंजरा दिसला, तेव्हाच समजलं की तुझी बदली पक्की झाली. तुम्ही दोघं बोलला नाहीत, म्हणून मीही विचारलं नाही. पण रस्ता अख्ख्या दिवसाचा आहे, आणि भुरी कधी गाडीत बसलेली नव्हती. म्हणून तुम्ही स्कूटरवरून कामाला गेलात की मी तिला पिंजऱ्यात घालून खाली गाडीत नेऊन बसतो. पहिल्या दिवशी तिने गल्ली डोक्यावर घेतली. शेजारीण म्हणाली, "आजोबा, मांजर पळवताय की काय?" आता इंजिन सुरू केलं तरी ती झोपते. परवा चौकापर्यंत फिरवूनही आणली. रागावू नकोस, माझी हयात ट्रक चालवण्यात गेलीय.

निघायच्या दिवशी सकाळी तिला खायला देऊ नका, ओकेल. पिंजऱ्यात माझा जुना सदरा न धुता अंथरा. वाटेत तिने कितीही गयावया केली तरी दार उघडू नका.

तोंडावर बोलायला जमेना, म्हणून तू शिकवलेल्या अक्षरांत लिहिलं. आज जेवताना सांगून टाका. चिरंजीव ताटात बघत बसतील, तेव्हा तूच सुरुवात कर. मी चिडणार नाही. फक्त मागच्या सीटवर भुरीजवळ कुणीतरी बसायला हवं, तर मला न्या. तुम्हाला पोचवून मी बसने परत येईन.

– बाबा